भरणा की मरणा?

भ आणि म, ध आणि घ, थ आणि य. या जोड्यांचा तंटा पहिलीच्या बाईंनी पट्टी आपटून कायमचा मिटवलेला असतो. तिन्ही जोड्यांत भानगड एकच: पहिल्या अक्षराच्या डोक्यावरची रेघ तुटकी आणि तिथे एक छोटीशी गाठ किंवा वळसा, दुसऱ्याची रेघ सलग. एवढ्याशा फटीच्या जोरावर भात आणि मात, धडा आणि घडा आयुष्यभर वेगळे राहतात. मग माणूस पन्नाशीला येतो, कुठल्याशा कार्यालयाच्या संकेतस्थळावर जातो आणि तिथे कोपऱ्यात, बारीक राखाडी अक्षरांत, त्याला एक पर्याय दिसतो: ‘ऑनलाइन मरणा’. तो दचकतो. नाक पडद्याला लावतो. भरणा आहे, भरणा. पाणीपट्टीचा.

यानंतर तो काय करतो? तक्रार? छे. तो चष्मेवाल्याकडे जातो. चष्मेवाला नंबर पाव-अर्ध्याने वाढवतो, कारण त्या वयात तो थोडाफार वाढलेला असतोच. नवा चष्मा घालून गडी पुन्हा त्याच पडद्यासमोर बसतो आणि पुन्हा मरतो. इंग्रजी वाचता आलं नाही तर शाळेला दोष द्यायचा आणि मराठी वाचता आलं नाही तर डोळ्यांना, अशी आपली जुनी रीत. ज्याने ते अक्षर तिथे ठेवलं त्याच्याकडे बोट दाखवायचं कुणाला सुचत नाही. आज दाखवू या.

गणित अगदी साधं आहे. ब्राउझरमध्ये कुणी काही ढवळाढवळ केली नाही तर मजकूर १६ पिक्सेलांत दिसतो. छापखान्याच्या हिशोबात १२ पॉइंट. आकडा वाईट नाही, पण तो ठरला रोमन अक्षरांवर नजर ठेवून. रोमनची बहुतेक छोटी अक्षरं त्यातल्या निम्म्या उंचीत सुखाने मावतात, कारण त्यांच्या डोक्यावर कुणी बसलेलं नसतं आणि पायाशी कुणी लोंबत नसतं. आपल्याकडे ‘सर्वांनी’ हा साधा शब्द घ्या. व ला काना, त्यावर रफार, रफाराला चिकटून अनुस्वार. ‘कर्तृत्व’ घ्या: त च्या डोक्यावर रफार आणि पायाशी ऋकार. देवनागरी म्हणजे माळा आणि तळघर असलेलं घर. ते बैठ्या घराच्या उंचीत कोंबायचं म्हटलं की आधी राहत्या खोलीचं छत खाली येतं. म्हणून एकाच आकड्याचं इंग्रजी आणि मराठी शेजारी ठेवलं की मराठी बारीक दिसतं. बहुतेक वेळा ते बारीक असतंच.

हे झालं सोळाचं. पण मराठीच्या वाट्याला सोळा येतात कुठे? तारखा, तळटिपा, ‘अटी लागू’, अर्जातल्या रकान्याखालच्या सूचना, म्हणजे जिथे चुकलं तर दंड बसतो नेमकी ती सगळी ठिकाणं, बारावर भागवतात. बारा पिक्सेल म्हणजे उभे बारा ठिपके. त्यातून वरची मात्रा आणि खालचा उकार वजा जाता अक्षराच्या अंगाला सहा-सात ठिपके उरतात. त्यात भ ची गाठ काढायची. शिरोरेषेतली फट आली एका ठिपक्याची. तोही ठिपका धड पांढरा राहत नाही, कारण कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून संगणक आजूबाजूचे ठिपके राखाडी करून टाकतो. फट राखाडी झाली, भ चा म झाला, करदात्याचा निकाल लागला.

तंत्रज्ञांनी यावर काही केलंच नाही असं नाही. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये क्लिअरटाइप जाहीर केलं. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्या सुट्या वापरल्या की अक्षराची कड जास्त बारकाईने काढता येते. युक्ती झकास. फक्त तिचा सगळा फायदा डावी-उजवीकडे, आणि आमची गर्दी वर-खाली. रफार, मात्रा, अनुस्वार, उकार हे एकावर एक रचलेले असतात. त्यांना त्या पट्ट्यांचा उपयोग किती, तर नावापुरता. पुढे २०१० च्या सुमारास फोनचे पडदे इंचाला तीनशेच्या वर ठिपक्यांचे झाले आणि अक्षरं एकदम रेखीव दिसू लागली. धार आली, पण अक्षर काही वाढलं नाही. पूर्वी बारीक आणि पुसट होतं, आता बारीक आणि रेखीव आहे. प्रगतीच म्हणायची.

शिशाच्या टाइपांच्या काळात हे दुखणं वेगळ्या तऱ्हेने सांभाळलं जाई. जावजी दादाजींनी मुंबईत आधी टाइपाचा कारखाना काढला आणि मग, १८६९ मध्ये, निर्णयसागर छापखाना. क्रम बघा: आधी अक्षर, मग मजकूर. तेव्हा प्रत्येक आकाराचा टाइप वेगळा कोरावा लागे. मोठ्या अक्षराचं छोटं पिल्लू आपोआप निघत नसे. त्यामुळे बारीक टाइप कोरताना फटी जरा मोकळ्या ठेवायच्या, पोटं जरा फुगवायची, बारीक रेघ जरा जाड धरायची, ही अक्कल कारागिराच्या हातात आपसूक उतरायची. संगणकात बहुतेक फॉन्टांची एकच आकृती असते आणि तीच नऊपासून नव्वदपर्यंत ताणली-दाबली जाते. नव्वदला देखणी दिसली म्हणून साहेबांनी पसंत केली. नऊवर तिचं काय होतं हे बघायला साहेब थांबत नाहीत.

नव्वदच्या दशकातल्या मराठी फॉन्टांविषयी मी फार बोलणार नाही. त्या आठवणीने अनेक उपसंपादकांचा रक्तदाब वाढतो. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, आतला हिशोब वेगळा. कुणाच्या क च्या जागी इंग्रजी अक्षर, कुणाच्या जागी डॉलर. एका संगणकावर जुळवलेला अग्रलेख दुसऱ्यावर उघडला की टक्के, कंस आणि उद्गारचिन्हांचा पाऊस. काही अग्रलेख त्यामुळे सुधारायचेही, पण ते असो. या बजबजपुरीवर उतारा म्हणून युनिकोड आलं, १९९१ मध्ये, आणि देवनागरीला त्यात पहिल्यापासून जागा होती. मराठीचा ॲ मात्र त्यात स्वतंत्रपणे दाखल व्हायला २००८ उजाडलं. तोवर अ वर चंद्र डकवून काम चालायचं आणि कित्येक फॉन्टांत तो चंद्र भलतीकडेच उगवायचा. म्हणजे सतरा वर्षं मराठी माणसाला ॲसिडिटी नीट लिहिता येत नव्हती. व्हायची मात्र नियमित.

याच काळातला सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला फॉन्ट म्हणजे ‘मंगल’. विंडोज २००० पासून तो घरोघरी आला. त्यामागे र. कृ. जोशी होते: सुलेखनकार, कवी, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात अक्षरविद्या शिकवणारे. तो बेतलेला होता मेनू, बटणं, सूचना यांसाठी, म्हणजे पडद्यावरच्या दोन-चार शब्दांच्या पाट्यांसाठी. आपण त्यात काय केलं? प्रबंध लिहिले. आठशे पानी. निविदा काढल्या, श्रद्धांजल्या वाहिल्या, दिवाळी अंकांच्या कथा टंकल्या, आणि वर ‘दोन ओळींत एवढं अंतर का पडतं?’ म्हणून कपाळावर आठ्या. ते अंतर वरच्या ओळीतला ‘त्रू’ आणि खालच्या ओळीतला ‘र्कीं’ एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत यासाठी असतं. आपल्या लोकांनी वर्डमध्ये जाऊन ते हाताने दाबलं, वेलांट्यांचे शेंडे छाटले गेले, उकारांचे पाय तुटले, आणि मग ‘मराठीत चांगले फॉन्टच नाहीत’ असं म्हणायला सगळे मोकळे.

तसं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा ‘मुक्ता’, इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’, गूगलचा ‘नोटो’: सगळे फुकट, सगळे युनिकोड, सगळे पडद्यावर वाचता येणारे. एक टाइपचाच ‘मोदक’ म्हणून एक फॉन्ट आहे. अक्षरं इतकी गुबगुबीत की मधल्या पांढऱ्या जागेची निव्वळ रेघ उरलेली. मोठ्या मथळ्यात असा शोभतो की बघत राहावं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका उत्साही सभासदाने त्यात पाणीकपातीचं वेळापत्रक टाकलं, बोटभर जागेत, दोन रकान्यांत. पाणी कधी येणार ते कुणाला कळलं नाही. दोष फॉन्टचा नाही. शालू नेसून विहिरीत उतरणाऱ्याने शालूला बोल लावू नये.

चांगला फॉन्ट घेतला की संपलं, असं समजणारा एक वर्ग आहे. वर्ग तरुण, नजर शाबूत, समोर सत्तावीस इंची करकरीत पडदा. यातल्या एकाशी माझा झालेला संवाद असा:

“हे अक्षर एवढं फिकट का रे?”

“क्लीन दिसतं, काका.”

“वाचता येत नाही पण.”

“वाचतं कोण, काका? लोक नुसती नजर फिरवतात.”

नजर फिरवतात हे खरं आहे. फिरवून फिरवून चक्कर येते म्हणून सोडून देतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान किती फरक हवा, याचं जगभर मानलं जाणारं एक माप आहे: साध्या मजकुराला साडेचारास एक, मोठ्या अक्षरांना तीनास एक. पांढऱ्यावर फिकट राखाडी घातलं की हे माप हुकतं. मोजायला फुकट साधनं आहेत, मोजायला अर्धं मिनिट लागतं. पण मोजल्यावर अक्षर काळं करावं लागेल, आणि मग ते क्लीन कसं दिसणार?

या मंडळींची दुसरी आवड म्हणजे अक्षरांमध्ये हवा सोडणं. इंग्रजी मथळ्याच्या अक्षरांत थोडं थोडं अंतर टाकलं की तो भारदस्त दिसतो, मान्य. तोच नियम मराठीला लावला की शिरोरेषा जागोजागी तुटते आणि ‘महाराष्ट्र’ चार तुकड्यांत हवेत तरंगू लागतो. मराठीत शब्द धरून ठेवते ती रेघ. ती तोडल्यावर उरतात ती कपड्यांच्या दोरीवरून निसटलेली अक्षरं, आणि वर सांगायचं की हे आधुनिक आहे. तिसरी आवड: बटणाची उंची इंग्रजी शब्द टाकून ठरवायची, भाषांतर नंतर भरायचं. ‘पुढे’ च्या प चा उकार बटणाच्या खालच्या कडेखाली गाडला जातो, ‘पढे’ उरतो. ‘सर्व’ चा रफार वरच्या कडेने कापला की राहतो ‘सव’. चौथी: फॉन्टचा ठळक भाऊ न आणताच ठळकचं बटण दाबायचं. मग संगणक आपल्या मनाने रेघा फुगवतो आणि क्ष, ख, छ यांची पोटं शाईने भरून जातात. पाचवी आवड म्हणजे दोन्ही कडा सरळ रेषेत आणायचा हट्ट, तोसुद्धा फोनच्या अरुंद रकान्यात. मराठी शब्द आधीच लांब. ‘महानगरपालिकेच्यासुद्धा’ एका ओळीत एकटा बसतो आणि पुढच्या ओळीतल्या तीन शब्दांमध्ये एकेक रिक्षा उभी राहील इतकी जागा पडते.

आणि मग ‘हार्‌दकि शुभेच्‌छा’. हे वाचताना छापखान्याची चूक समजू नका, मुद्दाम तसं लिहिलंय. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर आणि सणासुदीला फोनवर येणाऱ्या चित्रांत आपण सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे. रफार वर चढलाच नाही, पायमोड्या र च राहिला. वेलांटी द च्या आधी यायची ती क च्या आधी जाऊन बसली. च्छ चं जोडाक्षर जुळायच्या आधीच मोडलं. याचं कारण असं की चित्र करायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिपी जुळवणारं यंत्र कोणतं वापरायचं हा एक पर्याय असतो. तो रोमनवर ठेवला तर अक्षरं टंकलेल्या क्रमाने एकापुढे एक उभी राहतात. दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडायचा, बस्स, एका टिचकीचं काम. ती टिचकी न मारता साहेबांच्या वाढदिवसाचा फलक वीस फुटी छापला जातो, आणि त्याखालून शिक्षणाधिकाऱ्यांच्या गाड्या जातात.

आता कुणी म्हणेल, अक्षराने एवढं काय बिघडतं? मजकूर महत्त्वाचा. मिशिगन विद्यापीठातल्या ह्युनजिन सॉन्ग आणि नॉर्बर्ट श्वार्झ या दोघांनी २००८ मध्ये एक मजेशीर प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना व्यायामाच्या सूचना वाचायला दिल्या. काहींना साध्या ‘एरियल’मध्ये, काहींना ब्रशने लिहिल्यासारख्या वळणदार फॉन्टमध्ये. मजकूर तोच. मग विचारलं, हा व्यायाम करायला किती वेळ लागेल? एरियलवाल्यांचा अंदाज साधारण ८ मिनिटं, ब्रशवाल्यांचा १५. वाचायला जड गेलं म्हणून कामच जड वाटलं. आता ‘अर्ज भरण्यापूर्वी वाचावयाच्या सूचना’ डोळ्यांसमोर आणा. बारीक, राखाडी, दोन्हीकडून ताणलेल्या, वर प्रशासकीय मराठी. वाचणाऱ्याला वाटतं हे काम आपल्या बापजन्मात व्हायचं नाही. तो उठतो आणि कोपऱ्यावरच्या एजंटाकडे जातो. एजंटांचा धंदा बंद व्हावा म्हणून सगळं ऑनलाइन केलं होतं ना?

उलट बाजूचाही एक दावा मधे गाजला. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘सान्स फर्गेटिका’ नावाचा फॉन्ट काढला. अक्षरं मुद्दाम तुटकी आणि मागे कललेली; वाचायला कष्ट पडले की लक्षात जास्त राहील, असा त्यामागचा विचार. नंतर इतरांनी तपासून पाहिलं तर तसा काही फायदा सापडला नाही. त्यांनी एवढे कष्ट घेण्याऐवजी आमच्याकडे विचारायला हवं होतं. तुटकी अक्षरं वाचण्याचा आमचा अनुभव दांडगा आहे आणि लक्षात काहीही राहिलेलं नाही.

कुठला फॉन्ट सगळ्यात चांगला, हा प्रश्न मला वाचक अधूनमधून विचारतात. याचं उत्तर देणाऱ्याला बिनधास्त लबाड समजा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साडेतीनशेच्या वर लोकांना पडद्यावर १६ वेगवेगळ्या फॉन्टांत मजकूर वाचायला दिला होता. एकाच माणसाच्या सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ फॉन्टमधला वेगाचा फरक सरासरी ३५ टक्के निघाला. पण कुणाला कोणता फॉन्ट मानवेल याचा मेळ नाही. एकाचा जलद तो दुसऱ्याचा संथ. आणखी गंमत म्हणजे जो फॉन्ट आपल्याला आवडतो असं लोकांनी सांगितलं, त्यातच ते सगळ्यात वेगाने वाचत होते असंही नाही. हे सगळं रोमन अक्षरांचं. पण एवढं तरी कळतं की एका केबिनमध्ये बसून एका माणसाने आपल्या आवडीचा फॉन्ट सगळ्यांवर लादणं म्हणजे कोट्यवधींचा वेळ आपल्या आवडीवर ओवाळून टाकणं आहे. आकाराबाबत तर वादही फारसा नाही. एका मर्यादेच्या वर अक्षर बरंच मोठं केलं तरी वेग जवळपास तेवढाच राहतो. त्या मर्यादेच्या खाली गेलात की वेग घसरत नाही, कोसळतो. आमची सगळी ‘अटी लागू’ मंडळी त्या मर्यादेच्या बरोबर खाली राहायला गेली आहेत. योगायोग, दुसरं काय.

ल आणि श चं प्रकरण याहून नाजूक आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला प्रमाणित केली आणि पाकळीचा ल व देठाचा श हे मराठीचे म्हणून पक्के केले. शासनाने निर्णय घेतला म्हणजे शासनाच्या पडद्यांवर तो दिसेल, अशी भाबडी अपेक्षा कुणी करू नये. बऱ्याच संगणकांवर अजून दांड्याचा ल च येतो, कारण फॉन्ट हिंदी वळणाचा. यातली चीड आणणारी गोष्ट ही की चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं आत भरलेली असतात. पानाच्या माथ्यावर ‘ही भाषा मराठी आहे’ एवढी एक सूचना संगणकाला द्यायची की ल आणि श आपोआप पालटतात. कित्येक मराठी पानांवर ती सूचना नसते. असली तर भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली असते. तिकडे कॅनडात टायरो टाइपवर्क्सने देवनागरीचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन निरनिराळे फॉन्ट केले. ब्रिटिश कोलंबियात बसून त्यांना आमच्या ल ची पाकळी दिसली. आम्हाला मंत्रालयातून दिसत नाही. बारा पिक्सेलांत दिसणार तरी कशी?

‘अक्षर मोठं करायची सोय आहे की’, असं उत्तर यावर हमखास येतं. वर कोपऱ्यात तीन अ असतात, एक लहान, एक मध्यम, एक मोठा. मोठा अ दाबून पाहा. मेनू मोठा होतो. पानाचं शीर्षक मोठं होतं. आणि ज्यासाठी आलो तो मजकूर? तो अक्षर नसतोच, ते चित्र असतं. कुणीतरी पत्र टंकलं, छापलं, त्यावर सही-शिक्का मारला, मग ते जरा तिरकं ठेवून स्कॅन केलं आणि चढवलं. त्याला आकार नाही, फॉन्ट नाही. शोधलं तर सापडत नाही, मोठं केलं तर फुटतं, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही म्हणून जे संगणकाकडून वाचून घेतात त्यांच्यापुरतं ते पान कोरं असतं. टंकलेला मूळ मजकूर मात्र त्याच कचेरीतल्या संगणकात सुखरूप असतो.

फोनचीही तीच गत. घरातल्या आजींच्या फोनमध्ये नातवाने अक्षर सगळ्यात मोठं करून दिलेलं असतं. आजी खूश. मग त्या एखादं ॲप उघडतात. अर्धी ॲप्स ही सेटिंग जुमानतच नाहीत; उरलेली जुमानतात आणि कोलमडतात. ‘पैसे पाठवा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणं एकमेकांवर चढतात, दोन्हींवर ‘पै…’ आणि ‘र…’ एवढंच उरतं, तिसरं बटण पडद्याबाहेर. आजी नातवाला हाका मारतात. नातू म्हणतो, “अगं आजी, तुला वापरता येत नाही.” आणि आजीला ते पटतं! तिने निर्णयसागरच्या पोथ्या कंदिलाच्या उजेडात वाचल्या आहेत, तरी पटतं.

तेव्हा संगणकावर कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबत चला, लाज बाळगू नका, सव्वाशे-दीडशे टक्क्यांवर मराठी बरीच माणसात येते. ब्राउझरमध्ये नुसता मजकूर दाखवणारा ‘रीडर मोड’ असेल तर तो लावा. त्यात डिझायनरची सगळी क्लीन कारागिरी एका झटक्यात साफ होते. हे झालं आपल्या हातातलं. ज्यांच्या हातात पडदा आहे, म्हणजे जे अधिकारी, संपादक, बँकवाले असली कामं करून घेतात आणि शेवटी ‘छान’ म्हणून सही करतात, त्यांच्यासाठी एक वाक्य तयार करून देतो. इंग्रजीवाल्यांकडे अक्षरं तपासायला कोल्ह्या-कुत्र्याचं ते वाक्य आहे, आपल्याकडेही असावं:

‘वऱ्हाडातल्या कर्तृत्ववान विठ्ठलरावांनी घरभाड्याचा धनादेश भरून, ॲम्ब्युलन्सची वाट न बघता, उद्ध्वस्त गुऱ्हाळातल्या सर्व ज्येष्ठ श्रोत्यांना षट्कोनी थर्मासमधून प्रत्यक्ष उसाचा रस यथेच्छ पाजला.’

हे आपल्या पडद्यावर सगळ्यात बारीक अक्षराच्या जागी टाका. मग कचेरीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला, बहुतेक ते हिशोबनीसच असतील, खुर्चीत ताठ बसवून मोठ्याने वाचायला सांगा. ते जिथे अडखळतील तिथलं काम बाकी आहे. बिल तोवर अडवून धरा. हिशोबनीस जवळच बसलेले आहेत, वेगळं पत्र लागणार नाही.